हेडलाइटमधली रेघ

ऑक्टोबर लागला की बदलापूरच्या मांजर्लीला एक वास येतो. पुराचा वास सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा फोटो निघतात, होड्या येतात, पुढारी नवेकोरे गमबूट घालून येतात. मी म्हणते तो वास त्यानंतरचा, जेव्हा कुणीच येत नाही. गाळ वाळतो, त्याची पूड होते, ती जिन्यात, पंख्याच्या पात्यांवर, कुकरच्या शिटीत जाऊन बसते आणि भर दुपारी अख्खी इमारत कोऱ्या मडक्यासारखा वास सोडते. कठड्यांवर गाद्या. दोरीवर पुस्तकं, मधोमध उघडून चिमटे लावलेली. पार्किंगमध्ये सीट काढलेल्या स्कूटर ओळीने, जबडा उघडून बसलेल्या. मागे उल्हास नदी शहाण्या मुलीसारखी आपल्या पात्रातून वाहत असते. तिचा जणू काही संबंधच नाही.

यंदा पाणी उशिरा चढलं, गणपती गेल्यावर. गेल्या आठवड्यात आमच्या पूरग्रस्त समितीतून फोन आला. "सूचनांचं पत्रक काढायचंय. गेल्या वर्षीचं तुझ्याकडे आहेच. तेच दे, थोडं इकडचं तिकडे करून."

आहेच. एका पानावर आठ सूचना. पाठपोट नाही, कारण पाठची बाजू कुणी वाचत नाही. पंचनामा झाल्याशिवाय सामान हलवू नका, मीटर स्वतः चालू करू नका, कोऱ्या कागदावर सही करू नका. सहावी सूचना सोडली तर बाकी सगळं आजही जसंच्या तसं छापता येईल. त्या सहाव्या सूचनेपाशी मी तीन दिवस बसून होते.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत, पंप बनवणाऱ्या कारखान्यात, एकतीस वर्षं डिस्पॅचला होते. पंप दुसरे बनवायचे. बाबा तो लाकडी पेटीत पेंढ्यावर निजवायचे, झाकण ठोकायचे आणि पत्र्याची स्टेन्सिल धरून काळ्या रंगाने वर इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव मारायचे. राजकोट, कोटा, रायचूर, गुंटूर. इतकी गावं त्यांच्या हाताखालून गेली, आणि ते स्वतः गेले ते जेजुरीला, आणि एकदा साताऱ्याला लग्नाला. सगळ्यात जास्त पेट्या होस्पेटच्या. तिकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं, की तुंगभद्रेचं केवढं तरी धरण आहे आणि आसपास असे दगड आहेत की कुणी बसून रचलेत वाटावं. "रिटायर झालो की होस्पेट," हे आमच्या घरातलं वाक्य होतं. मीठ संपलंय म्हणावं इतकं साधं.

रिटायर झाले आणि काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, कडा आधी जातात, मधलं सगळ्यात शेवटी. किती दिवस ते सांगता येत नाही, एखादं वर्ष धरून चाला. परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "म्हणजे पेटीच्या कडा गेल्या. पत्ता शिल्लक आहे." त्या आठवड्यात त्यांनी स्वतःची स्कूटर विकून टाकली. मी म्हटलं, ट्रेनने जाऊ या होस्पेटला, लगेच.

"ट्रेनमध्ये सगळं बाजूनं जातं. माझी बाजूच गेलीय. मला जे समोरून येतं ते दिसतं," ते म्हणाले. "तू मोटरसायकल चालवतेस ना? मला मागे बसव. तुझ्या डोक्यावरून बघेन."

मी बारावीपासून चालवते. समितीची खटारा गाडी घेऊन निम्मा तालुका पालथा घातलाय. पण साठीचा माणूस मागे बसवून सातशे किलोमीटर जायचं तर खटारा चालत नाही. जड गाडी लागते, घाटात मागच्या वजनाने न डुलणारी. नवी परवडत नव्हती. जुनी शोधायची होती, आणि बाबांचे डोळे आहेत तोवर.

आई म्हणाली, "बापलेकीला एकदमच वेड लागलंय." मग दोन दिवसांनी बाबांच्या मफलरला नवी गोंड्याची कड लावून दिली. आमच्याकडे परवानगी अशी मिळते.

गेल्या वर्षी नवरात्र ते दिवाळी आम्ही उल्हासनगर पायाखाली घातलं. जुन्या गाड्यांच्या दुकानांची ती रांग, ऑक्टोबरचं डोक्यात शिरणारं ऊन, पत्र्याच्या शेडखाली पुसून तेल लावून उभी केलेली धुडं. हवेत पॉलिशचा गोड वास, शेजारच्या हातगाडीवरून कोकी आणि दालपकवानाचा, सिंधी न्याहारीचा. प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न बाबांना.

"काका, चलानेवाला कौन? बेटा किधर है?"

"बेटी चलाएगी," बाबा म्हणायचे, दर वेळी त्याच सुरात, पेटीवर शिक्का मारावा तसं.

एका सेठने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मन नेहमीप्रमाणे भांडायला सज्ज झालं. "मॅडम, दो सौ किलो के ऊपर है. गिरी तो उठेगी नहीं."

"तुमची पडली तर तुम्ही एकटे उचलता का?"

"मी पाडतच नाही," सेठ सिंधी वळणाच्या मराठीत म्हणाला. "मी स्कूटीवर येतो."

बाबा हसले. ते हसले म्हणून मीही हसले, आणि त्या दुकानात आम्ही पुन्हा पुन्हा जात राहिलो. असंच होतं.

गाडी बघायची बाबांची पद्धत डिस्पॅचची. इंजिनाकडे ते बघायचेच नाहीत. "आतला माल दुसरे बघतात," म्हणायचे. ते मागच्या सीटवर चढायचे, पाय फूटरेस्टवर ठेवायचे, घड्याळ बघायचे आणि डोळे मिटून दहा मिनिटं बसून राहायचे. भर बाजारात, उभ्या गाडीवर. दुकानदार कंटाळायचे, बघे जमायचे. एका गाडीची सीट पाटासारखी निघाली. एकीचा सायलेन्सर पोटरीला भाजेल असा. एकीचे मागचे फूटरेस्ट इतके वर, की बाबांचे गुडघे कानाशी आले आणि ते मुंजीतल्या बटूसारखे दिसायला लागले. "ही लग्न न झालेल्यांची गाडी आहे," ते उतरत म्हणाले. मी तोवर माझं काम करायची: टायरवरचा महिना-वर्ष वाचायचा, चेन बोटाने उचलून बघायची, शॉकअपला तेल सुटलंय का ते पुसून बघायचं, इंजिन हाताला थंड लागतं ना ते बघून मगच चालू करायला लावायचं. तापवून ठेवलेली गाडी काहीही लपवते. हे सगळं मी यादी करून नेलं होतं. याद्या मला चांगल्या जमतात.

आणि मग ती. मरून रंगाची, जुळ्या सिलिंडरची, मागची सीट पायरीसारखी उंच, तिला पाठ टेकायला गादी, फूटरेस्ट खाली आणि पुढे. त्याच स्कूटीवाल्या सेठकडे. बाबा चढले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

"बाबा?"

"हं," डोळे मिटूनच. "पोचलो मी."

सेठने कागद काढले. गाडी अजून पहिल्या मालकाच्याच नावावर होती, त्याच्या सह्यांचे फॉर्म जोडलेले. पत्ता मांजर्ली, बदलापूर पश्चिम. आमच्यापासून चार इमारती पलीकडे. मला काय वाटलं ते मी इथे खरं लिहिते, कारण त्याचीच लाज सगळ्यात जास्त आहे: मला आनंद झाला. म्हटलं, आपल्याकडचीच आहे की.

हेडलाइटच्या काचेत आतून एक तपकिरी रेघ होती. सरळ, आडवी, पाटीवर पट्टीने ओढल्यासारखी. मी बोट ठेवलं. "हे काय?"

"धूळ," सेठ म्हणाला. "जुनी गाडी आहे."

मी मान डोलावली. मी. जिने त्याच वर्षीचा अख्खा ऑगस्ट हातात टेप आणि लाल रंगाचा डबा घेऊन मांजर्लीच्या जिन्याजिन्यांत पाणी कुठवर आलं होतं त्या रेघा शोधल्या, मोजल्या, वर लाल पट्टा मारला, फोटो काढले, तहसीलला नेऊन आपटले. भिंतीवरची रेघ मला झोपेतही ओळखू येते. काचेतली आली नाही. पूर म्हणजे माझ्या डोक्यात भिंतीला होणारी गोष्ट होती, आणि लबाडी म्हणजे कचेरीत होणारी. बाबा मागच्या सीटवर हसत बसले होते आणि टायर, चेन, शॉकअप, सगळी यादी पास झाली होती.

गाडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरनाथला शिवमंदिरात नेली. आमच्याकडे गाडी कुठलीही असो, पहिली फेरी तिथे. चाकांखाली लिंबं, नारळ, हेडलाइटवर कुंकवाचं बोट. ते बोट मी लावलं, बरोबर त्या रेघेच्या वर. बाबा देवळाच्या भिंतीपाशी गेले. कडा गेल्यापासून ते कोरीवकाम नजरेने कमी आणि तळव्याने जास्त बघत. "इतकं बारीक काम कुणाला तरी दिसत होतं म्हणून केलं ना," एवढंच म्हणाले. येताना त्यांनी वाटेतल्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचल्या. माझ्या हेल्मेटच्या मागून ते वाचन येत होतं: ज्वेलर्स, क्लासेस, मिसळ, पुढे गतिरोधक. वाचता येतंय याचा एवढा हर्ष मी पहिलीतल्या मुलांतही पाहिलेला नाही. त्या सकाळीइतकं चांगलं मला पुढे काही झालेलं आठवत नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघालो. आईने धपाटे दिले, मफलर दिला, "रोज फोन" म्हणाली. वांगणी, नेरळ, कर्जत. भात कापून शेतात पसरलेला, त्याचा पिवळा वास. गाडी अशी चालत होती की मागे माणूस बसलाय हे कळू नये, फक्त खांद्यापाशी आवाज: "डोंगर आला. बगळे. अजून बगळे." खोपोलीचा घाट चढताना निम्म्यावर आधी दिवा मालवला, मग हॉर्न गेला, मग इंजिन. कुरकुर नाही, झटका नाही. कुणीतरी बोलता बोलता गप्प व्हावं तसं.

"का थांबलीस?"

"बंद पडली."

बाबा उतरले, टाकीवर बोटांच्या पेरांनी ठोकून बघितलं, पेटी ठोकावी तसं. "आतला माल," ते म्हणाले आणि कठड्यावर जाऊन बसले.

दोन तासांनी एक टेम्पो मिळाला. फुलांच्या रिकाम्या करंड्या घेऊन कल्याणला परत चाललेला. गाडी दोरांनी बांधली. बाबा पुढे बसायला तयार होईनात. मागे, टायरला टेकून बसले, तोंड रस्त्याकडे. घाट त्यांच्यापुढून लांब लांब जात राहिला. उतरताना म्हणाले, "उलटं बघितलं. पण बघितलं."

शिवमंदिराच्या रस्त्यावर बबनदादांचं गॅरेज आहे. त्यांनी टाकी काढली, वायरिंगचा एकेक कपलर सोडवला आणि वर्तमानपत्रावर झटकला. प्रत्येकातून चिमूट चिमूट माती पडली. हेडलाइट उघडल्यावर तर मूठभर. त्यांनी ती बोटांत चुरली.

"ताई, ही गाडी बुडालेली आहे. हँडलपर्यंत. आणि बाहेर कुठे नाही, आपल्याच नदीत. बुडालेली गाडी लगेच खोलायची असते. तेव्हा खोलली असती तर पुसून चालू झाली असती. ही नुसती वरून धुतलीय, उन्हात वाळवलीय आणि विकलीय. आत सगळं कुजलं." मग माती झटकत, "कुणी शिकवलं कुणास ठाऊक."

मी तिथून तशीच उल्हासनगरला गेले. बसमध्ये डोक्यात पत्रक तयार होत होतं, मथळ्यासकट. सेठ शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "बेटा, गाडी मांजर्लीची, पुरानंतर आलेली. तू तो वहीं रहती है. मला वाटलं तुला माहीत आहे, म्हणून तर एवढा भाव पाडलास. मी विचारलं नाही विकणाऱ्याला. तू विचारलं नाहीस मला." मग कुणाला तरी चहा सांगितला. मी तो प्यायले नाही. एवढंच काय ते माझं आंदोलन.

राहिला पहिला मालक. सावंत, ठाण्याला ऑफिसात जाणारा, बायकोला घेऊन लडाखला जायचं म्हणून ती गाडी घेतलेला. दार उघडल्या उघडल्या त्याने मला ओळखलं. "अहो ताई, या ना, बसा. हिला सांगतो चहा टाकायला. तुमचे उपकार आहेत आमच्यावर." फ्रिजवर, लोहचुंबकाखाली, माझं पत्रक. पाण्याने कडा फुगलेल्या, पण अक्षर वाचता येत होतं. त्याने बोट ठेवलं. "नंबर सहा. विम्यावाल्यांनी हात वर केले ना, तेव्हा हे शब्दशः पाळलं बघा."

सहावी सूचना अशी: "विमा नाकारला गेल्यास गाडी मेकॅनिककडे उघडून खर्चात पडू नका. स्वच्छ धुवा, आठ दिवस उन्हात वाळवा, दिवाळीआधी विका. पुराचा विषय स्वतःहून काढू नका."

ती लिहिताना मी कुठे बसले होते ते मला आठवतं. सावंतांसारखीच माणसं दिवसभर समितीत येऊन रडून गेली होती. हप्ते चालू, गाडी चिखलात, आणि कंपनी म्हणते तुम्ही पाण्यात गाडी चालू करून बघितलीत, म्हणून विमा नाही. माझं डोकं भडकलं होतं. सगळ्यांनी फसवायचं आणि आमच्या लोकांनीच काय ते खरं बोलायचं? "स्वतःहून" हा शब्द मला सुचला तेव्हा मी स्वतःवर खूष झाले होते. खोटं बोला असं कुठे म्हटलंय मी?

मी सावंतांना सांगितलं, की ती गाडी मी घेतली. त्यांच्या बायकोने आणलेला कप हातातच धरला. सावंत फ्रिजकडे वळले. मग म्हणाले, "तुम्ही घ्याल असं कसं वाटणार हो. मला वाटलं, कुणीतरी लांबचा घेईल."

कुणीतरी लांबचा. माझं अख्खं पत्रक त्याच्याच भरवशावर उभं होतं. तो लांबचा माणूस कसा दिसतो, त्याच्या मागे कोण बसणार आहे, त्या बसणाऱ्याला कशाची घाई आहे, हे लिहिताना माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. घाटात माणूस नेणारी गाडी विकत होतो आम्ही. ती चढावर बंद पडली, उतारावर नाही, एवढंच आमचं नशीब.

जड गाड्यांचं सामान अंबरनाथला मिळत नाही. आज येईल, सोमवारी येईल, चुकीचं आलं, परत पाठवलं. अख्खी थंडी अशी गेली. बाबा रोज गॅरेजवर जाऊन बसायचे, स्क्रूंची थाळी धरायचे. आधी ते एकटे जायचे. मग रस्ता ओलांडताना कुणीतरी हात धरून द्यायचं. मग मी सोडायला लागले. गाडीचा एकेक तुकडा जोडला जात होता आणि बाबांचा एकेक निखळत होता, आणि मला दोन्हींच्या तारखा दिसत होत्या. मार्चातल्या एका सकाळी त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला, तो टेबलाच्या बाहेर. आई काच गोळा करत होती तेव्हा ते म्हणाले, "पत्ताही गेला."

होळीनंतर गाडी चालू झाली. आवाज पहिल्यासारखा, भारदस्त. मी म्हटलं, चला बाबा. मी सांगत जाईन तुम्हाला, काय काय दिसतंय ते.

"तू पत्रकासारखं सांगशील. आधी दोष, मग मागण्या." ते हसले नाहीत. "मला तिथं जायचं नव्हतं गं. बघायचं होतं."

मला राग कुणावर काढायचा ते कळायचं. माझा व्यवसायच तो. कचेरी, बिल्डर, विम्यावाले, ज्यांनी पूररेषेच्या आत इमारतींना परवानगी दिली ते सगळे. त्यांच्यावरचा माझा राग अजून आहे आणि तो खरा आहे. पण तो आता एका जागी जाऊन अडतो. त्या सगळ्या साखळीत शेवटची कडी माझ्या हस्ताक्षरात आहे.

काल पत्रक वाटलं. सहावी काढली. पाचनंतर एकदम सात, आकडे बदलले नाहीत. तिच्या जागी काय लिहू? खरं सांगून विका? खरं सांगितलं तर भंगारवाला नेतो, आणि हप्ते चालूच राहतात. विकू नका? मग सावंतांसारख्यांनी खायचं काय? सावंत त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भेटले. यंदा त्यांची स्कूटर बुडाली आहे. पत्रक वाचलं, उलटून बघितलं.

"सहावी कुठे आहे, ताई?"

"काढली."

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग स्कूटरकडे बोट करून, "मग हिचं काय करू?"

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि स्कूटरच्या उघड्या पोटात बघत उभे राहिले.

चार इमारती पलीकडे, आमच्या पार्किंगमध्ये, आमची गाडी उभी असते. यंदा मी ती वेळेत टेकाडावरच्या देवळापाशी नेऊन ठेवली होती. तिला थेंब लागला नाही. विकायची म्हणून दोनदा पुसून काढली, पण येणाऱ्याला मी पहिल्याच वाक्यात सगळं सांगते आणि तो जातो. बाबा संध्याकाळी कठडा धरून उतरतात आणि तिच्या मागच्या सीटवर चढून बसतात. पाय आपोआप फूटरेस्ट शोधतात. काल मी गेले तर म्हणाले, "बस पुढे."

मी बसले. हँडल धरलं. किल्ली वर घरात होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. पार्किंगमध्ये वाळलेल्या गाळाचा वास भरला होता. थोड्या वेळाने माझ्या पाठीवर, मानेच्या खाली, त्यांचं बोट टेकलं. सावकाश, एकेक अक्षर, मध्ये सारखं अंतर सोडत, पेटीवर उमटवावं तसं. सहा इंग्रजी अक्षरं. शेवटचा टी झाल्यावर त्यांनी तळव्याने पाठ दोनदा थोपटली, माल तयार आहे म्हणून, आणि आम्ही तिथेच बसून राहिलो.